फेरफाराची नोंद : मतदार यादी, संगणक आणि एका प्रोग्रामरचे मत

या शतकाच्या अगदी आरंभीची गोष्ट आहे. उत्तर भारतातील एका जिल्ह्यात मी काम करीत होतो. विधानसभेच्या मतदानाचा दिवस होता. दुपारी एका मतदान केंद्रावर पोहोचलो, तेव्हा दाराशी एक वृद्धा बसलेली दिसली. तिचे नाव यादीत नव्हते. केंद्राध्यक्षांनी नियमाप्रमाणे तिला मतदान नाकारले होते आणि त्यांचे काही चुकले नव्हते. ज्याचे नाव यादीत नाही त्याला मताचा अधिकार नाही, असे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 चे कलम 62 स्पष्ट सांगते. ती एवढेच म्हणाली, "बेटा, मागच्या वेळी मी इथेच मत दिले होते."

संध्याकाळी मी चौकशी केली. संगणकातल्या यादीत तिचे नाव नव्हते. पण नाव होते केव्हा, गेले केव्हा आणि का गेले, याचा कसलाही मागमूस संगणकात नव्हता. अखेरीस गावातल्या शाळामास्तरांकडे दोन वर्षांपूर्वीची छापील पुरवणी यादी मिळाली. त्या पुरवणीत तिच्या नावापुढे मृत्यूची खूण होती. त्याच गल्लीत त्याच नावाची दुसरी स्त्री वारली होती आणि नोंद करताना भलतेच नाव वगळले गेले होते. ती वगळणी माझ्या अखत्यारीतील कार्यालयाने केली होती. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याच्या काळातली असली तरी जबाबदारी कार्यालयाचीच होती.

यादीच्या कामासाठी आमच्याकडे एक तरुण प्रोग्रामर नेमलेला होता. मी त्याला बोलावून खुलासा विचारला. तो न घाबरता म्हणाला, "सर, तुमच्याकडे यादी आहे, पण यादीचा इतिहास नाही. आम्ही साधा प्रोग्राम लिहितो तेव्हासुद्धा कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलली हे जपून ठेवतो. तुम्ही माणसांची नावे बदलता आणि काहीच जपत नाही." पुढे चहा पिता पिता त्याने राजकारणावरही मत देऊन टाकले, "मतदान यंत्रावर सगळे भांडतात. पण यंत्र फक्त आत आलेल्यांची मते मोजते. आत कोण येणार हे यादी ठरवते. यादीबद्दल मात्र कोणी भांडत नाही."

हे मत सहज बोलता बोलता दिलेले होते, पण ते माझ्या मनातून गेले नाही. त्यानंतरच्या वर्षांत जे पाहिले आणि वाचले, त्याच्या आधारे ते तपासून पाहावे म्हणून हा लेख.

नोंदी जपण्याची विद्या

प्रोग्रामर मंडळी ज्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात, त्याला आपण आवृत्ती-नियंत्रण म्हणू. त्याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रोचकाइंड यांनी 1972 मध्ये एससीसीएस नावाची प्रणाली तयार केली. प्रोग्रामची प्रत्येक नवी आवृत्ती संपूर्ण साठवण्याऐवजी केवळ झालेला बदल साठवायचा, आणि हवी ती जुनी आवृत्ती त्यावरून पुन्हा उभी करायची, ही तिच्यामागची कल्पना. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीस वॉल्टर टिची यांनी आरसीएस रचली. तिच्यात ताजी आवृत्ती संपूर्ण ठेवून मागच्या आवृत्त्यांकडे उलट्या क्रमाने जाता येत असे. 1986 मध्ये ॲमस्टरडॅमला डिक ग्रून यांनी सीव्हीएसचा पाया घातला आणि एकाच मजकुरावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय झाली. आमचा तो तरुण हीच सीव्हीएस वापरत असे.

पुढचा टप्पा 2005 सालचा. लिनक्सच्या निर्मात्यांना बिटकीपर नावाची एक खासगी प्रणाली विनामूल्य वापरायला मिळत होती. ती सवलत काढून घेतली गेली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अवघ्या काही दिवसांत गिट ही नवी प्रणाली उभी केली. तिची दोन वैशिष्ट्ये आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एक, प्रत्येक सहभागी व्यक्तीकडे संपूर्ण इतिहासासह पूर्ण प्रत असते. इतिहास कोणा एका कार्यालयाच्या कपाटात बंद नसतो. दोन, प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीवरून गणिताने काढलेला एक ओळख-अंक मिळतो. मागे जाऊन कोणी गुपचूप एक अक्षर बदलले, तरी त्यापुढचे सगळे ओळख-अंक बदलतात आणि लबाडी उघडी पडते.

आपल्याकडची जुनी शिस्त

ही विद्या ऐकली की महसूल खात्यात काम केलेल्या कोणालाही वाटेल, हे तर आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांना सातबारा उतारा परिचयाचा आहे. सातबारावर नवे नाव लागते, तेव्हा त्याच्याजवळ फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिलेला असतो. त्या क्रमांकावरून गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही उघडली की जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, कशाने गेली, हितसंबंधितांना नोटीस केव्हा बजावली आणि नोंद कोणी प्रमाणित केली, हे सर्व कळते. जुने नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस करतात. ते वाचता येते. सातबारा ही ताजी आवृत्ती आणि फेरफार नोंदवही हा तिचा इतिहास, ही व्यवस्था संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

सरकारी नस्तीचेही तसेच. टिप्पणीचे परिच्छेद क्रमाने वाढत जातात. आधीच्या अधिकाऱ्याचे मत पटले नाही तरी त्याचे पान फाडता येत नाही. खाली आपले मत लिहून सही करावी लागते. चुकलेला शब्द एका रेघेने खोडून शेजारी आद्याक्षरी करायची, हे कारकुनाला पहिल्या आठवड्यात शिकवले जाते. लोक लालफितीला नावे ठेवतात आणि ती पुष्कळदा योग्यही असतात. पण त्या फितीखाली बांधलेल्या कागदांत, निर्णय कोणी घेतला हे लपत नसे, हेही मान्य करावे लागेल.

पहिली यादी

मतदार यादीच्या बाबतीत ही शिस्त कशी होती? स्वतंत्र भारताची पहिली मतदार यादी राज्यघटना अमलात येण्यापूर्वीच सुरू झाली होती. संविधान सभेच्या सचिवालयाने 1948 मध्ये प्रांतांना व संस्थानांना प्रौढ मताधिकाराच्या आधारे प्रारूप याद्या करण्याच्या सूचना दिल्या. निवडणूक आयोगाची स्थापना 25 जानेवारी 1950 रोजी झाली आणि मार्चमध्ये सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी यादीत सुमारे 17 कोटी 32 लाख नावे होती. बहुसंख्य मतदार निरक्षर असलेल्या देशात, फाळणीच्या निर्वासितांसह, ही नावे घरोघर फिरून हाताने लिहिली गेली.

याच यादीतील एक प्रसंग सर्वांना ठाऊक असायला हवा. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश अशा भागांत असंख्य स्त्रियांनी परक्या पुरुषाला आपले नाव सांगण्यास नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई अशा नोंदी झाल्या. सेन यांनी भूमिका घेतली की मतदाराची ओळख ही त्याच्या स्वतःच्या नावानेच झाली पाहिजे. परिणामी, नाव न सांगणाऱ्या सुमारे 28 लाख स्त्रियांच्या नोंदी वगळल्या गेल्या. एकूण स्त्री मतदार सुमारे 8 कोटी होत्या, त्यातल्या या 28 लाख.

हा निर्णय कठोर होता. तो योग्य होता की अयोग्य, यावर आजही वाद घालता येईल. पण तो वाद आपण घालू शकतो तो कशामुळे? सेन यांनी आपल्या अहवालात ही गोष्ट लपवली नाही म्हणून. किती नावे गेली, कोणत्या भागांतली गेली आणि कोणत्या कारणाने गेली, हे त्यांनी लिहून ठेवले. नोंद राहिली म्हणून चूक दिसली, चूक दिसली म्हणून पुढच्या निवडणुकीपर्यंत ती बऱ्याच अंशी सुधारली गेली.

कायद्यातली काळजी

यादीचा कायदा करणाऱ्यांनी हीच दृष्टी ठेवली होती. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 आणि मतदार नोंदणी नियम, 1960 वाचले की हे जाणवते. आधी प्रारूप यादी प्रसिद्ध करायची, मग दावे व हरकती मागवायच्या आणि त्यांच्या निर्णयानंतरच अंतिम यादी. नाव घालण्यासाठी नमुना 6, हरकत घेण्यासाठी किंवा वगळण्यासाठी नमुना 7, दुरुस्तीसाठी नमुना 8. कलम 22 सांगते की, मृत्यूखेरीज अन्य कारणाने नाव वगळण्यापूर्वी त्या व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी. कलम 24 खाली अपील आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लालबाबू हुसेन प्रकरणात आणखी स्पष्ट केले की, ज्याचे नाव आधीच्या यादीत आहे त्याच्या बाजूने एक गृहीतक उभे राहते. त्याला नोटीस न देता, त्याचा पुरावा न पाहता नाव काढता येणार नाही. म्हणजे जुनी यादी ही रद्दी नाही. तो पुरावा आहे, असेच न्यायालयाने म्हटले.

छापील यादीची रचनाही या दृष्टीने उत्तम आहे. मूळ यादी कायम राहते आणि तिला पुरवण्या जोडल्या जातात : वाढवलेली नावे, वगळलेली नावे, दुरुस्त केलेली नावे. वगळलेल्या नावापुढे कारणाची खूण असते : मृत, स्थलांतरित, दुबार, आढळून न आलेला, अपात्र. मूळ यादीतही त्या नावावर वगळल्याचा शिक्का दिसतो. रोचकाइंड यांनी जे संगणकासाठी केले, तेच इथे कागदावर आहे.

मग घोळ कुठे होतो? पुढच्या पुनरीक्षणाच्या वेळी पुरवण्या मूळ यादीत विलीन होतात. वगळलेली नावे गळून पडतात, अनुक्रमांक नव्याने लागतात आणि स्वच्छ, कोरी यादी तयार होते. वाचायला ती सोयीची असते. पण त्या क्षणी इतिहास पुसला जातो. तो शोधायचा तर जुन्या छापील प्रती हव्यात. आमच्या त्या वृद्धेचे असेच झाले. शाळामास्तरांनी जुनी पुरवणी पेटीत जपली नसती, तर ती स्त्री कधी मतदार होती हेही सिद्ध झाले नसते.

संगणक आला तेव्हा

टी. एन. शेषन यांच्या काळात 1993 पासून मतदार ओळखपत्रांचे काम सुरू झाले आणि 1998 मध्ये आयोगाने सुमारे 62 कोटी मतदारांच्या संपूर्ण यादीचे संगणकीकरण हाती घेतले. हे प्रचंड काम होते आणि त्याचा लाभ निर्विवाद आहे. याद्या सुवाच्य झाल्या, दुबार नावे शोधणे शक्य झाले, पुढे 2009 च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक राज्यांत छायाचित्रांसह याद्या वापरल्या गेल्या.

पण संगणकीकरण करताना आपण एक चूक जवळपास सर्वच खात्यांत केली आहे, ती इथेही झाली असे माझे मत आहे. आपण अंतिम तक्ता संगणकावर चढवला. त्या तक्त्यापर्यंत पोहोचण्याची पद्धत मात्र कागदावरच राहिली. कागदावर नाव खोडले तर रेघ दिसते. संगणकात नाव काढले तर काहीच दिसत नाही. रेघ आपोआप उमटत नाही, ती उमटवण्याची व्यवस्था मुद्दाम करावी लागते. त्या काळात अनेक ठिकाणी ती केलेली नव्हती. नंतरच्या प्रणालींत अर्जांचा मागोवा घेण्याची सोय आली, हे खरेच स्वागतार्ह आहे. पण सामान्य मतदाराला ‘माझ्या नावाचे आजवर काय काय झाले’ हे एका जागी सलग वाचता येणे वेगळे.

यंत्रावरचा वाद

यंत्राविषयी त्या तरुणाचे मत कितपत खरे होते? मतदान यंत्राचा इतिहास पाहिला तर समाजाने त्याच्यावर किती बारीक नजर ठेवली हे दिसते. मे 1982 मध्ये केरळमधील परूर मतदारसंघात 50 केंद्रांवर यंत्रे प्रथम वापरली. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कायद्यात तरतूद नसताना यंत्र वापरता येणार नाही. त्या केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. मग कायदा दुरुस्त होऊन 1989 मध्ये कलम 61-अ अमलात आले. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत सर्व मतदारसंघांत यंत्रे आली. 2013 मध्ये कागदी पावतीची सोय नागालँडमधील नोकसेन पोटनिवडणुकीत प्रथम वापरली गेली आणि 2019 मध्ये ती देशभर झाली. सर्व पावत्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 रोजी फेटाळली, पण तीवर सविस्तर सुनावणी करूनच.

यंत्राबद्दल शंका घेणे गैर नाही. शंकेतूनच पावती आली. मात्र यादीसाठी अशी ‘पावती’ कोणती, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

तो विचारला गेला 2025 मध्ये, बिहारात. तिथे 2003 नंतर प्रथमच यादीचे सखोल पुनरीक्षण झाले. मोहिमेपूर्वी यादीत सुमारे 7 कोटी 89 लाख नावे होती; 1 ऑगस्ट रोजी प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीत 7 कोटी 24 लाख. मधली सुमारे 65 लाख नावे कोणाची आणि ती का गेली, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मृत म्हणून वगळलेल्या दोन जिवंत व्यक्ती न्यायालयात हजर करण्यात आल्या. 14 ऑगस्ट रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, या सर्व 65 लाख नावांची यादी कारणांसह संकेतस्थळांवर प्रसिद्ध करावी, ओळखपत्राच्या क्रमांकावरून ती शोधता यावी आणि गावपातळीवरही लावावी. 30 सप्टेंबरच्या अंतिम यादीत 7 कोटी 42 लाख नावे होती.

त्या मोहिमेच्या वैधतेचा वाद हा या लेखाचा विषय नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो 14 ऑगस्टच्या आदेशाचा आशय. नवी यादी देणे पुरेसे नाही. जुनी आणि नवी यांतला फरक, आणि प्रत्येक फरकाचे कारण, लोकांपुढे ठेवले पाहिजे, हे त्यात मान्य झाले. तो आदेश वाचताना मला माझ्या जिल्ह्यातली ती वृद्धा आठवली. तिच्या वेळी असा फरक गावच्या पंचायतीत लागला असता, तर मतदानाच्या कितीतरी आधी कोणीतरी म्हटले असते, अहो, ही तर जिवंत आहे.

प्रोग्रामरचे काय चुकले

त्या तरुणाच्या मताला तीन मर्यादा मात्र होत्या, त्याही सांगितल्या पाहिजेत.

पहिली : नोंद बदललेली नाही एवढेच गणित सांगू शकते, नोंद खरी आहे की नाही हे सांगू शकत नाही. चुकीचे नाव वगळले आणि ती वगळणी निर्दोषपणे जपून ठेवली, तरी ती चूकच. तिथे घरी जाऊन चौकशी करणारा कर्मचारीच हवा.

दुसरी : प्रोग्राम सर्वांना दाखवता येतो, मतदाराचे नाव, वय, पत्ता आणि छायाचित्र कोणाच्याही हाती सरसकट द्यावे का, याचा विचार करावा लागतो. शब्द शोधता येतील अशा स्वरूपात यादी द्यावी ही राजकीय पक्षाची मागणी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही, आणि आयोगाच्या बाजूने खासगीपणाचा मुद्दा मांडला गेला होता. पारदर्शकता आणि खासगीपणा यांचा तोल सोपा नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी : प्रोग्राम बिघडला तर मागची आवृत्ती परत आणता येते. मतदानाचा दिवस परत आणता येत नाही. उमेदवारी अर्जाची अंतिम तारीख उलटली की निवडणूक संपेपर्यंत यादीत काहीही घालता, बदलता किंवा वगळता येत नाही, असे कलम 23 सांगते. म्हणून यादीतली चूक नंतर सापडून उपयोग नाही. ती वेळेत सापडली पाहिजे. इतिहास जपायचा तो संशोधकांसाठी नव्हे, तर त्या तारखेच्या आत दाद मागता यावी म्हणून.

काय करता येईल

माझ्या अनुभवातून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

1. पुरवण्या विलीन झाल्या तरी वगळलेल्या नावांची नोंदवही कायम ठेवावी. कारण, तारीख आणि आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदनामासह.

2. प्रत्येक मतदाराला, आपले ओळखपत्र दाखवून, आपल्या नावाचा पूर्ण फेरफार पाहता यावा. यात दुसऱ्या कोणाची माहिती उघड होत नाही.

3. वगळलेल्या नावांचे वाचन ग्रामसभेत किंवा प्रभागात व्हावे. मृत्यूची खात्री शेजाऱ्याइतकी कोणालाच नसते.

4. मान्यताप्राप्त पक्षांना यादीच्या प्रती विनामूल्य मिळतात. म्हणजे इतिहासाच्या प्रती अनेकांच्या घरी असणे आपल्या नियमांतच आहे. पक्षांनी त्या प्रती प्रचारापुरत्या न वापरता जपाव्यात आणि नव्या यादीशी ताडून पाहाव्यात.

यांतले काहीच क्रांतिकारक नाही. जमिनीच्या एका गुंठ्याचा मालक बदलला तर आपण नोटीस काढतो, क्रमांक देतो, सही घेतो आणि जुने नाव कंसात जपतो. मताच्या अधिकाराची नोंद एका गुंठ्याइतक्या काळजीने ठेवावी, इतकीच ही अपेक्षा आहे.

त्या निवडणुकीनंतर आम्ही नमुना 6 भरून त्या वृद्धेचे नाव पुन्हा घातले. पुढच्या निवडणुकीच्या आत माझी बदली झाली. तिने पुन्हा मत दिले की नाही, हे मला कळले नाही. तिचे ते एक मत मात्र कायमचे गेले, आणि त्याची नोंद कोणत्याही यादीत नाही, म्हणून ती इथे करीत आहे.